स्फटिकातील आम्ल आणि मेथॅनॉलचे इंधन

(परभणी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय कागदावर वाचला तर तो या सभागृहाचा न वाटता एखाद्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा वाटेल. झिओलाइट नावाच्या उत्प्रेरकाची आम्लता आणि तिच्यामुळे मेथॅनॉलच्या विक्रियांना मिळणारे वळण, असा हा विषय आहे. परंतु या विषयाचे एक टोक आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात आहे आणि दुसरे टोक आपल्या शेताच्या बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांपर्यंत येऊ पाहात आहे. म्हणून तो परभणीत मांडण्यात काही वावगे नाही, असे मला वाटते.

परभणी जिल्हा दख्खनच्या ज्वालामुखी खडकावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि ते थंड होत असताना त्यांतील वायूंचे बुडबुडे तसेच पोकळ राहून गेले. पुढे या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपले व त्यांत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट स्फटिक भरले. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या दगडात पांढरे ठिपके आढळतात, ते बरेच वेळा हेच स्फटिक असतात. आपण सरसकट त्यांना गारा किंवा गारगोटी म्हणून बाजूला टाकतो. त्यांपैकी काही खरोखरच गारगोटीच्या जातीचे असतात. परंतु स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, चॅबाझाइट, मॉर्डेनाइट ही मंडळी वेगळ्या कुळातील आहेत. ते कूळ झिओलाइटचे. दख्खनचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत, आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात ते आपल्यालाही पाहता येतात.

नाव दिले स्वीडनच्या क्रॉन्स्टेड या खनिजशास्त्रज्ञाने, १७५६ मध्ये. असा एक दगड तापविताच तो फसफसू लागला, उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून त्याने ‘उकळणारा दगड’ असे नाव ठेवले. उकळत होते ते दगडाच्या आतील पाणी. झिओलाइटचा स्फटिक भरीव नसतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या अणूंची एक जाळी असते आणि त्या जाळीत ठरावीक मापाचे बोळ व खोल्या असतात. त्यांत पाणी राहते, तापविले की निघून जाते, आणि जाळी तशीच उभी राहते. बोळांचे तोंड किती रुंद, हे त्या त्या झिओलाइटचे ठरलेले असते. सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्या दोन झिओलाइटांपैकी एकाची दारे सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉमची, तर दुसऱ्याची सुमारे ३.८ अँगस्ट्रॉमची आहेत. जोंधळ्याची चाळणी आणि राजगिऱ्याची चाळणी यांत जो फरक, तोच येथे रेणूंच्या मापावर आहे.

चाळणीची गोष्ट आता शालेय पुस्तकांतही आढळते. आम्लाची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. वस्तुतः कारखान्याच्या दृष्टीने अर्धी किंमत तिचीच आहे.

जाळीतील प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंशी बांधलेला असतो आणि त्याचा विद्युतभार बरोबर जुळतो. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की एक घटक कमी पडतो. तेथे एक ऋणभार शिल्लक राहतो. निसर्गात ही उणीव सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित अणू भरून काढतात. प्रयोगशाळेत सोडियमच्या जागी प्रथम अमोनियम आणावयाचे व मग तो झिओलाइट सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचा. अमोनिया उडून जातो आणि मागे एक हायड्रोजन राहतो, सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला चिकटलेला. हा हायड्रोजन दुसऱ्याला देऊन टाकण्यास उत्सुक असतो, आणि रसायनशास्त्रात आम्ल म्हणतात ते यालाच. एक ॲल्युमिनियम म्हणजे एक आम्लस्थान, असा हिशेब ढोबळमानाने धरता येतो. हाताला कोरडी, पांढरी, निरुपद्रवी दिसणारी पूड आतून तीव्र आम्ल असते. गंधकाम्लाप्रमाणे ती लोखंडी भांडे खात नाही, सांडत नाही, आणि काम संपल्यावर विषारी सांडपाणी मागे ठेवीत नाही. पूर्वी एथिलबेंझीनसारखे पदार्थ करताना ॲल्युमिनियम क्लोराइड वापरीत असत; त्याने यंत्रे गंजत आणि वापरून झालेल्या गाळाची विल्हेवाट ही कारखान्यांची डोकेदुखी असे. झिओलाइटने ती बव्हंशी दूर केली.

आता ‘उत्प्रेरक’ या शब्दाविषयी एक खुलासा. वर्गात आपण विरजणाचे उदाहरण देतो. ते सोयीचे असले तरी नेमके नाही, कारण विरजणातील जंतू जिवंत असतात व वाढत जातात. मला मोंढ्यातील अडत्याचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तो विकणारा व घेणारा यांची गाठ घालून देतो, सौदा लवकर घडवून आणतो आणि पुढच्या सौद्याला मोकळा होतो. फरक एवढाच की उत्प्रेरक अडत घेत नाही. (ज्यांना आज पाठ्यपुस्तकांत ‘अभिक्रिया’ हा शब्द शिकवावा लागतो, त्यांनी माझ्या तोंडचा ‘विक्रिया’ हा जुना शब्द त्याच अर्थी घ्यावा.)

मेथॅनॉल हा सर्वांत साधा अल्कोहोल आहे. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. नैसर्गिक वायू, कोळसा किंवा जैविक काडीकचरा यांपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळविता येते, आणि तांबे व जस्त असलेल्या उत्प्रेरकावर, दाबाखाली, त्याचे मेथॅनॉल होते. आपल्या राज्यात ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्याला मेथॅनॉल बनविण्याचा अनुभव आहे. देशाची बहुतांश गरज मात्र आयातीतूनच भागते. पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. मेथॅनॉल हे पिण्याच्या दारूसारखे दिसते, वासालाही जवळचे असते, पण ते विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, अधिक गेले तर जीव जातो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात मेथॅनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यामुळे गावात मेथॅनॉलची साठवण होणार असेल तर तिची नोंद, कुलूप व पहारा या बाबी कारखान्याच्या आराखड्यात पहिल्या पानावर असाव्यात.

मेथॅनॉलची वाफ आम्लस्थानापर्यंत आली की काय घडते? पहिल्या पायरीवर दोन रेणू एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि डायमेथिल ईथर तयार होते. यालाच संक्षेपाने डीएमई म्हणतात. हिला मंद आम्लही पुरते. साध्या ॲल्युमिनावरही ही विक्रिया २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान नीट चालते. आम्ल तीव्र असेल आणि उष्णता ३५० ते ४०० अंशांवर नेली, तर गाडी तेथे थांबत नाही. आणखी पाणी निघून जाते व एथिलीन, प्रोपिलीन यांसारखे ओलेफिन तयार होतात. ओलेफिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, वळतात, हायड्रोजनची देवघेव करतात, आणि शेवटी पेट्रोलमध्ये असतात तसे पॅराफिन व टोल्युइन, झायलीन यांसारखे सुगंधी वर्गातील पदार्थ मिळतात. म्हणजे एकाच वाटेवर तीन मुक्काम आहेत: प्रथम डीएमई, मग ओलेफिन, मग पेट्रोल. गाडी कोणत्या मुक्कामावर उतरवावयाची, हे ठरविण्याचे मुख्य साधन आम्लता होय; उष्णता, दाब व बोळांची रुंदी ही तिच्या जोडीला येतात.

मोबिल या अमेरिकन तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांना झेडएसएम-५ नावाचा कृत्रिम झिओलाइट सापडला. त्याचे पेटंट १९७२ चे आहे. दुसरेच काही शोधत असताना त्यांच्या लक्षात आले की या झिओलाइटवर मेथॅनॉलपासून थेट पेट्रोल मिळते. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव कडाडले आणि या शोधाला एकाएकी महत्त्व आले. शास्त्रीय नियतकालिकात त्याचा सविस्तर वृत्तांत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडकडे समुद्रातील नैसर्गिक वायू होता, तेल फारसे नव्हते. त्या देशाने मोटुनुई येथे कारखाना उभारला व १९८५ पासून देशाच्या पेट्रोलच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग या मार्गाने भागविला. पुढे तेल स्वस्त झाले. १९९० च्या दशकात तेथे पेट्रोल बनविणे बंद झाले आणि मेथॅनॉल तसेच विकणे परवडू लागले. ही हकीकत पुढे उपयोगी पडणार आहे.

या आम्लतेचे दोन पैलू आहेत व ते वेगळे ठेवले नाहीत तर घोटाळा होतो. एक, आम्लस्थाने किती आहेत. दोन, प्रत्येक स्थान किती तीव्र आहे. झेडएसएम-५ च्या स्फटिकाच्या एका घरात सिलिकॉन व ॲल्युमिनियम मिळून ९६ जागा असतात. त्यांपैकी तीन जागी ॲल्युमिनियम असेल तर सिलिकॉनचे प्रमाण त्याच्या ३१ पट होते. सहा जागी असेल तर १५ पट. दुसऱ्या नमुन्यात आम्लस्थाने दुप्पट झाली. सामान्य समजूत अशी की आम्ल दुप्पट म्हणजे काम दुप्पट, म्हणून उत्प्रेरक दुप्पट चांगला. काम वाढते हे खरे, पण कोणते काम वाढते हे पाहावे लागते.

आपली एस. टी. बस डोळ्यांसमोर आणा. परभणीहून निघालेली गाडी कमी थांबे घेत गेली तर बसलेला प्रवासी बहुधा बसला तसाच पोहोचतो. प्रत्येक फाट्यावर थांबली तर कोणी उतरतो, कोणी चढतो, आणि शेवटच्या स्थानकावर निराळीच मंडळी खाली उतरतात. स्फटिकाच्या बोळातून बाहेर निघालेल्या प्रोपिलीनच्या रेणूला वाटेत आम्लस्थाने विरळ भेटली तर तो प्रोपिलीन म्हणूनच बाहेर पडतो. दाट भेटली तर प्रत्येक ठिकाणी त्याची आणखी एक विक्रिया होते. एक रेणू हायड्रोजन घेऊन पॅराफिन बनतो, दुसरा हायड्रोजन गमावून सुगंधी वर्गात जातो, आणि त्याहीपुढे गेलेले रेणू एकमेकांत गुंतून काजळी बनतात. स्फटिक मोठा असला तरी हाच परिणाम होतो, कारण वाट लांबते. म्हणून ज्याला पेट्रोल हवे तो आम्लस्थाने पुरेशी दाट ठेवतो. ज्याला प्लॅस्टिकसाठी प्रोपिलीन हवे तो ॲल्युमिनियम मुद्दाम कमी करतो, स्फटिक बारीक ठेवतो आणि उष्णता वाढवतो. दगड तोच, कच्चा माल तोच. पण एका घरातील तीन-चार अणूंच्या फरकाने कारखान्याच्या दाराबाहेर निराळाच माल पडतो.

तीव्रतेचा परिणाम पाहण्यासाठी निसर्गाने एक चांगली जोडी दिली आहे. चॅबाझाइट हे दख्खनच्या खडकातही आढळणारे खनिज आहे. त्याच्याच धर्तीची जाळी असलेले दोन कृत्रिम पदार्थ बनविले गेले. एसएसझेड-१३ सिलिकॉन व ॲल्युमिनियमचा, तर सापो-३४ यात फॉस्फरसही आहे. खोल्या सारख्या, दारे सारखी. पण फॉस्फरस असलेल्याचे आम्ल सौम्य. मेथॅनॉल दिले असता दोघांच्याही चिंचोळ्या दारांतून एथिलीन व प्रोपिलीन एवढेच मुख्यतः बाहेर पडू शकतात, कारण बेंझीन वर्गातील रेणू त्या दारात मावत नाहीत. तथापि तीव्र आम्लाच्या स्फटिकात काजळी लवकर साचते. सौम्य आम्लाचा स्फटिक अधिक काळ टिकतो. चीनने २०१० मध्ये बाओटू येथे कोळशापासून मेथॅनॉल व मेथॅनॉलपासून ओलेफिन बनविण्याचा मोठा कारखाना सुरू केला, तो सापो-३४ च्या जातीच्या उत्प्रेरकावर. वर्षाला सुमारे १८ लाख टन मेथॅनॉल घालून ६ लाख टन ओलेफिन काढण्याची त्याची योजना होती. तीनास एक, हे प्रमाण ऐकून कोणास तो तोटा वाटेल. परंतु मेथॅनॉलच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याच्या रूपानेच जातो. ३२ किलो मेथॅनॉलमधून १८ किलो पाणी वजा केले की १४ किलोच हायड्रोकार्बन उरते, त्यापेक्षा अधिक कोणत्याही उत्प्रेरकाने मिळणार नाही. कोणी याहून जास्त कबूल करीत असेल तर त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

एक कोडे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळत होते. एका कार्बनच्या मेथॅनॉलपासून दोन कार्बन जोडलेले एथिलीन मुळात तयार होतेच कसे? दोन मेथॅनॉल एकमेकांना सहजासहजी कार्बनाने जुळत नाहीत. १९९० च्या दशकात नॉर्वेतील ऑस्लो येथील दाल व कोल्बू या संशोधकांनी निराळा विचार मांडला. स्फटिकाच्या खोलीत काही हायड्रोकार्बन रेणू अडकून राहतात. मेथॅनॉल येऊन त्यांना चिकटते आणि मग त्यांपासून एथिलीन, प्रोपिलीन सुटून निघतात. उसाचा खोडवा आपण जाणतोच. खोड जमिनीत राहते, खतपाणी मिळाले की नवे फुटवे येतात, ते तोडून नेले तरी खोड कायम. खोलीत अडकलेले मेथिलयुक्त बेंझीन हे ते खोड, मेथॅनॉल हे खत, आणि एथिलीन हा फुटवा. खोड अधिकाधिक जाड होत गेले की मात्र खोलीच भरून जाते व फुटवा बंद होतो, तीच काजळी. मग हवा सोडून ती जाळावी लागते आणि उत्प्रेरक पुन्हा कामाला लागतो. प्रत्येक जाळण्यात आणि विक्रियेत निघणाऱ्या वाफेत थोडाथोडा ॲल्युमिनियम जाळीतून सुटतो, म्हणजे आम्लस्थाने हळूहळू कमी होतात. उत्प्रेरकाचे आयुष्य शेवटी याच कारणाने संपते.

आम्ल कसे मोजतात, असा प्रश्न विज्ञानशिक्षक नक्कीच विचारतील, कारण लिटमस कागद या बोळांत शिरणार नाही. युक्ती साधी आहे. गोठ्यातील मुताऱ्यापाशी डोळे चुरचुरतात तो अमोनिया; तो अल्क आहे. झिओलाइटला पोटभर अमोनिया पाजावयाचा, सुटा अमोनिया काढून टाकावयाचा आणि मग हळूहळू तापवीत जावयाचे. सौम्य स्थानांवरचा अमोनिया सुमारे २०० अंशांच्या आसपास सुटतो, तीव्र स्थानांवरचा ४०० च्या आसपास. किती सुटला यावरून संख्या आणि कोणत्या उष्णतेला सुटला यावरून तीव्रता समजते. एका मापात दोन्ही उत्तरे मिळतात.

मेथॅनॉल दुसऱ्या हायड्रोकार्बनवरही काम करते, आणि तेथे आम्ल व अल्क यांतील भेद फार स्वच्छ दिसतो. टोल्युइन व मेथॅनॉल आम्लयुक्त झिओलाइटवरून नेले तर मेथिल गट बेंझीनच्या कड्याला जोडला जाऊन झायलीन मिळते. तेच दोन पदार्थ सीझियमसारखा धातू बसवून अल्कधर्मी केलेल्या झिओलाइटवरून नेले, तर मेथॅनॉलचा कार्बन कड्याला न लागता बाजूच्या शेपटीला लागतो व स्टायरीन आणि एथिलबेंझीन मिळू लागते. झायलीनचे तीन भाऊ आहेत. त्यांपैकी सरळ बांध्याचा पॅरा-झायलीन हाच पॉलिएस्टर धाग्यासाठी लागतो. झेडएसएम-५ च्या बोळातून तोच सर्वांत सहज निसटतो. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात पॉलिएस्टरचे कौतुक करणे थोडे अप्रस्तुत आहे, याची मला जाणीव आहे.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा उसना नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. १९८० च्या दशकात तेथे डॉ. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली झिओलाइट उत्प्रेरक विकसित करण्यात आले व प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘एन्सिलाइट’ हे नाव मिळाले. झायलीनच्या भावांचे प्रमाण बदलण्याची प्रक्रिया बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वापरात आली. दुसऱ्या प्रक्रियेचे नाव ‘अल्बीन’: अल्कोहोल आणि बेंझीन यांपासून एथिलबेंझीन, व त्यापासून पुढे स्टायरीन. हिचा वापर विशाखापट्टणम येथील हिंदुस्तान पॉलिमर्स या कारखान्यात झाला. येथील अल्कोहोल म्हणजे मेथॅनॉल नव्हे, एथेनॉल. उसाच्या मळीपासून आसवनीत निघणारे. जगात इतरत्र हेच काम तेलापासून मिळणाऱ्या एथिलीनने करीत असताना आपल्या शास्त्रज्ञांनी मळीचे अल्कोहोल घेतले, कारण देशात ते उपलब्ध होते. अल्कोहोल वापरले की पाणी निघते, आणि पाणी तप्त आम्लस्थानांना मारक असते. तरीही टिकेल असा स्फटिक बनविणे ही त्या कामातील खरी अवघड बाजू होती. डॉ. रत्नसामी पुढे याच प्रयोगशाळेचे संचालक झाले व २००१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

त्याच प्रयोगशाळेने अलीकडे मेथॅनॉलच्या पहिल्या मुक्कामाकडे, म्हणजे डीएमईकडे, लक्ष वळविले आहे. दिवसाला २० ते २४ किलो डीएमई देणारा प्रायोगिक संच तेथे उभा करण्यात आला आणि २०२० मध्ये डीएमई व स्वयंपाकाचा गॅस यांवर चालणारी ‘अदिती ऊर्जा संच’ ही शेगडी सादर करण्यात आली. डीएमई थोड्याशा दाबाखाली द्रव होते, त्यामुळे सिलिंडरात भरता येते; ज्योत स्वच्छ असते, काजळी धरीत नाही. परंतु किलोमागे उष्णता स्वयंपाकाच्या गॅसच्या सुमारे ६० टक्केच मिळते आणि काही जातींच्या रबरी नळ्या व वायसर त्याने खराब होतात. गृहिणीला या दोन्ही गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत. स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा हिस्सा आपण परदेशांतून आणतो, म्हणून त्यात थोडेसे स्वदेशी डीएमई मिसळण्याची कल्पना सरकारदरबारी आकर्षक वाटते, आणि ती तशी आहेही.

आता पऱ्हाट्यांकडे वळू. आपल्या जिल्ह्यात कापसाचे क्षेत्र मोठे आहे. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी फरदड घेऊ नये, हंगाम संपताच पऱ्हाट्या काढून त्यांची विल्हेवाट लावावी, असे कृषी विद्यापीठ व कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. काढणीची मजुरी अंगावर पडते म्हणून शेतकरी टाळाटाळ करतो, किंवा बांधावर पेटवून देतो. या काड्यांना चार पैसे मिळाले तर अळीचाही बंदोबस्त होईल, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पऱ्हाट्यांचे वायुकरण, वायूपासून मेथॅनॉल, मेथॅनॉलपासून आम्ल उत्प्रेरकावर डीएमई अशी साखळी शास्त्राच्या दृष्टीने जुळते. जुळत नाही तो हिशेब. मेथॅनॉलची पायरी दाबाखालील यंत्रसामग्री मागते व ती मोठ्या आकारातच परवडते. काडी हलकी, पसरट. पाथरीहून पालमपर्यंत ती ट्रॅक्टरने गोळा करण्याचा खर्च तिच्या किमतीहून सहज वर जातो. काड्यांच्या वायूत डांबर व गंधक राहिले तर तांब्याचा उत्प्रेरक मरतो. राखेतील पोटॅश वाहून पुढे गेला तर तो आम्लस्थानावर हायड्रोजनच्या जागी जाऊन बसतो आणि स्फटिक निकामी करतो. शिवाय सर्वच काडी शेतातून नेली तर आपल्या काळ्या जमिनीला सेंद्रिय द्रव्य कोठून मिळणार? कुट्टी करून जमिनीत गाडण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात, तो विनाकारण नव्हे. माझ्या मते गावागावांत मेथॅनॉल करण्याची कल्पना आज तरी सोडून द्यावी. मोठ्या कारखान्याला काडी बांधून पुरविण्याची वेळ आली तर तिचा दर, वजन व वाहतूक यांपुरती पंचायतीने बोलणी करावीत. न्यूझीलंडसारख्या देशाचाही हिशेब तेलाचा भाव उतरताच बदलला, हे मघाशी आपण पाहिले.

तरीही अशा योजना घेऊन माणसे येतील. उत्प्रेरक कोणता, तो किती तासांनी काजळीने भरतो, किती वेळा जाळून पुन्हा वापरता येतो, नवा भरण्यास काय खर्च येतो आणि जुन्याचे काय करावयाचे, एवढे प्रश्न ग्रामसभेत विचारावेत. ‘आमचा उत्प्रेरक अधिक तीव्र आहे’ असे उत्तर आले तर अधिक तीव्र म्हणजे अधिक चांगला असे नसते, हे आता आपणास ठाऊक आहेच.

समोरून एक चिठ्ठी आली आहे. शाळेच्या विहिरीतून निघालेले पांढरे स्फटिक आहेत, त्यांचा असा उत्प्रेरक होईल काय, असे एका शिक्षकांनी विचारले आहे. नाही होणार. त्यात हायड्रोजनऐवजी सोडियम व कॅल्शियम आहे. आम्लाने धुऊन तो काढू गेल्यास ॲल्युमिनियमच विरघळतो आणि स्टिलबाइटसारख्याची जाळी कोसळते. कारखान्यात लागणारा झिओलाइट सिलिका व ॲल्युमिना यांपासून बंद भांड्यात, ठरलेल्या प्रमाणात वाढवावा लागतो, कारण प्रमाण हेच तर सगळे आहे. आपल्या मातीत मात्र हे स्फटिक स्वस्थ बसलेले नाहीत. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखविले आहे की दख्खनच्या जमिनींतील झिओलाइट हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात व त्यामुळे जमीन बिघडण्यास काही अंशी आळा बसतो. आणि वर्गात त्यांचा उपयोग करावयाचा असेल तर मेथॅनॉलची काही आवश्यकता नाही. स्फटिकाचा वाटाण्याएवढा तुकडा कुटून कोरड्या परीक्षानळीत घालावा, नळी चिमट्याने आडवी धरून स्पिरिटच्या दिव्यावर बेताने तापवावी आणि मुलांना थोडे दूर बसवावे. खडकात मुरून बसलेले पाणी नळीच्या थंड टोकाला थेंबाथेंबाने जमू लागेल.